एपीआयकडून आलेले शोधनिकाल थोड्या वेळापुरते कुठे ठेवावेत? (जँगो, ४ वर्कर, १ जीबी सर्व्हर)

वाचनकट्टा (प्रश्न)

नमस्कार. वाचनालयासाठी पुस्तकनोंदणीचं छोटं वेब ॲप आहे. ग्रंथपाल पुस्तकाचं नाव किंवा आयएसबीएन टाकतात, ॲप गूगल बुक्स एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामना पुस्तकांची माहिती देणाऱ्या गूगलच्या सेवेला) विचारतं आणि १० निकाल दाखवतं. ज्या ओळीसमोरचं 'नोंद करा' बटण दाबलं ते पुस्तक आमच्या टेबलात जातं.

आत्ता असं केलंय: यादी आली की ती जँगोच्या (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या) कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. की (साठ्यातली गोष्ट परत शोधायची खूण) म्हणजे 'निकाल' आणि त्याला जोडून वापरकर्त्याचा आयडी. बटणातून फक्त ओळीचा क्रमांक जातो, ० ते ९. पुढच्या रिक्वेस्टला कॅशेतून यादी काढतो आणि त्या क्रमांकाची ओळ उचलतो.

अडचणी दोन आहेत. लॅपटॉपवर सगळं नीट चालतं, पण सर्व्हरवर बहुतेक वेळा 'निकाल सापडले नाहीत' येतं, आणि दोन-तीनदा दाबलं की कधीतरी चालतं. दुसरी जास्त गंभीर: मधूनच भलतंच पुस्तक नोंदलं जातं. लॉगमध्ये एरर काहीच नाही.

सर्व्हरवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), गुनिकॉर्नचे ४ वर्कर (ॲप चालवणाऱ्या चार स्वतंत्र प्रोसेस) आणि त्याच मशीनवर पोस्टग्रेस (डेटाबेस). सेटिंग्जमध्ये कॅशेबद्दल काही लिहिलेलं नाही. एपीआयचा रोजचा कोटा १,००० रिक्वेस्टचा आहे. निकाल सेशनमध्ये (त्या वापरकर्त्यासाठी सर्व्हर लक्षात ठेवतो त्या माहितीत) ठेवू, वेगळं टेबल करू, की फॉर्मच्या लपवलेल्या फील्डमध्ये घालू? यासाठी रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा वेगळा सर्व्हर) लागेलच का? आणि किती वेळ ठेवायचे?

---

खालची_ओळ

दोन्ही अडचणींचं मूळ तुमच्या त्या वाक्यात आहे, 'कॅशेबद्दल काही लिहिलेलं नाही'. काही लिहिलं नाही तर जँगो लोकमेम कॅशे वापरतो. तो त्या-त्या प्रोसेसच्या मेमरीत असतो, म्हणजे तुमच्याकडे एक नाही, चार कॅशे आहेत आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. वर्कर १ ने ठेवलेली यादी वर्कर ३ ला दिसणार नाही. ढोबळमानाने चारात एकदा बटण चालेल. लॅपटॉपवर रनसर्व्हरची एकच प्रोसेस उत्तर देते, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

भलत्या पुस्तकाचं असं बघा. ११ वाजता 'गांडूळखत' शोधलं, ते वर्कर २ कडे गेलं. ११ वाजून २ मिनिटांनी त्याच ग्रंथपालाने 'किल्ले' शोधलं, ते वर्कर १ कडे गेलं. किल्ल्यांच्या यादीतल्या तिसऱ्या ओळीचं बटण दाबलं आणि ती रिक्वेस्ट पडली वर्कर २ च्या पदरात. त्याच्याकडे त्याच कीखाली गांडूळखताची यादी अजून शाबूत आहे, कारण जँगोची मूळ मुदत ३०० सेकंदांची. त्याने इमानेइतबारे तिसरी ओळ उचलली आणि नोंद केली. एरर येणार कुठून? कोडच्या दृष्टीने सगळं बरोबरच झालंय.

आता यावर 'सगळ्यांचा मिळून एक कॅशे करा' एवढंच सांगितलं तर पहिली अडचण जाईल, दुसरी निम्मीच जाईल. एकाच ग्रंथपालाने दोन टॅब उघडले की दुसरा शोध पहिल्या यादीवर लिहिला जाणार, आणि पहिल्या टॅबमधलं बटण पुन्हा भलत्या यादीत बोट घालणार. सेशनमध्ये ठेवलंत तरी हेच होईल, कारण सेशन दोन्ही टॅबना एकच असतं. शिवाय जँगोचं सेशन मूळ सेटिंगमध्ये डेटाबेसात जातं, मुदत दोन आठवडे, आणि क्लिअरसेशन्स कमांड क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी) लावली नसेल तर मुदत संपलेल्या ओळीही टेबलात पडून राहतात. दहा मिनिटांच्या मालासाठी ती जागा नव्हे.

म्हणून आधी ओळीचा क्रमांक पाठवणं बंद करा. गूगल बुक्सच्या प्रत्येक निकालाला स्वतःचा आयडी असतो, तो पाठवा. सोबत शोधाची की पाठवा. सर्व्हरने त्या कीची यादी काढायची, तिच्यात तो आयडी शोधायचा, सापडला तर तीच नोंद वापरायची. यादीची मुदत संपली असेल तर त्या एका आयडीची माहिती एपीआयकडून थेट मागवायची, एक रिक्वेस्ट खर्च होईल इतकंच. 'निकाल सापडले नाहीत' हा संदेश वापरकर्त्याला दिसायचं मग कारणच उरत नाही. कॅशे हरवला तर काम थोडं हळू व्हावं, चुकीचं होता कामा नये.

की वापरकर्त्याच्या आयडीवर बांधू नका, शोधावर बांधा: स्रोत, शोधशब्द, भाषेचा फिल्टर, सुरुवात कुठून, किती निकाल, आणि तुमच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक. हे सगळं ठरलेल्या क्रमाने जोडून त्याचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) घ्या, ६४ अक्षरांची की मिळते. हॅश न करता देवनागरी शब्द थेट कीमध्ये घालू नका. देवनागरीचं एक कोडपॉइंट (युनिकोडमधला एक वर्ण) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं आणि यूआरएल-एन्कोड केलं की ९ अक्षरं. मेमकॅश्ड या कॅशे सर्व्हरची कीची मर्यादा २५० बाइटची आहे, म्हणजे एन्कोड केलेला शोध २७ कोडपॉइंटांपुढे तिथे अडकतो. आवृत्ती क्रमांक यासाठी की उद्या नोंदीत 'प्रकाशक' हे नवं फील्ड घातलंत, तर डिप्लॉय झाल्यावर नवा कोड जुन्या आकाराच्या याद्या वाचून कोलमडू नये. एपीआय वापरायला गूगलने दिलेली गुप्त की मात्र यात कुठेही नको.

रेडिस लागेलच का? नाही. १ जीबीच्या मशीनवर पोस्टग्रेस आधीच आहे, तर जँगोचा डेटाबेस कॅशे घ्या. क्रिएटकॅशेटेबल ही कमांड एकदा चालवायची, झालं. पण त्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला, मॅक्स_एंट्रीज (टेबलात जास्तीत जास्त किती ओळी) मुळात ३०० असते. ती २,००० तरी करा.

दुसरा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टेबल भरलं की जँगो आधी मुदत संपलेल्या ओळी काढतो. त्यानंतरही जास्त उरल्या तर एक तृतीयांश उडवतो, आणि त्या जुन्या म्हणून नव्हे, कीच्या वर्णक्रमाने. त्यामुळे याच टेबलात दुसरं काही ठेवलंत तर ज्याचा उपसर्ग वर्णक्रमात आधी येतो ते सतत उडत राहील आणि कारण सापडणार नाही. म्हणून शोधनिकालांसाठी वेगळं कॅशे टेबल ठेवा.

'प्रत्येक पुस्तकाची वेगळी की करा' असा सल्लाही मिळेल. रेडिसवर तो चांगला आहे, इथे नको. डेटाबेस कॅशे प्रत्येक लिखाणाआधी टेबलातल्या ओळी मोजतो. १० पुस्तकं आणि त्यांची यादी, म्हणजे एका शोधाला ११ लिखाणं आणि ११ मोजण्या. एक शोध, एक ओळ, बास.

मुदत: पुस्तक हातात असलेला माणूस मिनिट-दोन मिनिटांत बटण दाबतो. मध्ये फोन आला असं धरलं तरी १५ मिनिटं, म्हणजे ९०० सेकंद पुरेत.

---

मोजूनमापून

वरच्याशी सहमत. कोट्याबद्दल थोडी भर.

पानावर १० निकाल दाखवता म्हणून एपीआयकडेही १०च मागता का? मॅक्सरिझल्ट्स (एका वेळी किती निकाल हवेत) ४० पर्यंत चालतं. एकदाच ४० मागवा, कॅशेत ठेवा आणि पान १ ते ४ तिथूनच दाखवा. चार रिक्वेस्टची एक झाली. एकूण किती निकाल आहेत ते टोटलआयटम्सवरून ठरवून 'पान १ ते ५७' अशी पट्टी मात्र काढू नका. तो आकडा अंदाजे असतो, पुढच्या पानाला बदलतो. 'आणखी दाखवा' एवढंच बटण ठेवा.

मागवताना फील्ड्स पॅरामीटर वापरा: आयडी, शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, आयएसबीएन, लघुचित्राचा दुवा. बाकी वर्णनं, विक्रीची माहिती, पूर्वदृश्याचे दुवे कशाला ओढायचे? छाटलेली नोंद साधारण अर्धा केबी धरली तर ४० ची यादी २० केबीची, आणि हजार शोध २० एमबीत मावतात. लघुचित्राचे दुवे साध्या एचटीटीपीचे येतात, ते एचटीटीपीएस करून ठेवा, नाहीतर ब्राउझर तक्रार करेल.

रिकाम्या निकालाकडे लक्ष द्या. पायथनमध्ये 'यादी नसेल तर एपीआयला विचार' असं लिहिलं की रिकामी यादीही 'नाही'मध्येच मोजली जाते. मग ज्या पुस्तकाचा निकालच नाही त्याच्यासाठी प्रत्येक वेळी नवी रिक्वेस्ट जाते, आणि न सापडलेलं पुस्तक माणूस चार-पाच वेळा वेगवेगळ्या शुद्धलेखनात शोधतोच. कॅशे.गेटला 'की सापडली नाही' यासाठी वेगळी खूण द्या आणि तिच्याशी तुलना करा. रिकामी यादी १२० सेकंद ठेवा. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) किंवा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आलं तर मात्र ती रिकामी यादी समजून कॅशेत घालू नका! तसं केलंत तर कोटा संपलेल्या दिवशी सगळी पुस्तकं जगातून नाहीशी झाल्यासारखी दिसतील.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला स्वतःचा टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) नसतो, तो द्यावाच लागतो. जोडणीला ३ सेकंद, उत्तराला ६. न दिल्यास एपीआय अडकला की तुमचा वर्कर अडकतो, आणि गुनिकॉर्न ३० सेकंदांनी त्याला मारतो. वर्कर चारच. चार जणांनी एकाच वेळी शोध घेतला की सगळी साइट बंद, कॅशे कितीही चांगला असो.

---

सहीशिक्का

तिसरा रस्ता कोणी सांगितला नाही म्हणून. सर्व्हरवर काही ठेवूच नका.

'लपवलेल्या फील्डमध्ये घालू का' या प्रश्नाला लोक लगेच नाही म्हणतात, कारण ब्राउझरमध्ये ते फील्ड कोणीही बदलू शकतं. पण सही करून घातलं तर? जँगोच्या साइनिंग मॉड्यूलमध्ये डम्प्स (सही करून मजकूर देणारं फंक्शन) आहे. छाटलेली नोंद तिच्यात द्या, सॉल्ट (ही सही कोणत्या कामाची ते वेगळं ठेवणारा शब्द) म्हणून 'पुस्तकनोंद' असं काहीतरी ठेवा, मिळालेला मजकूर बटणाच्या फॉर्ममध्ये घाला. परत आल्यावर सही तपासणाऱ्या लोड्सला मॅक्स_एज १८०० द्या. एक अक्षर बदललं असेल किंवा अर्धा तास उलटला असेल, तर एक्सेप्शन येतं. दहा बटणं मिळून पान ७-८ केबीने जड होतं. टॅब कितीही उघडा, प्रत्येक बटणात त्याचंच पुस्तक असतं.

मर्यादा: सही म्हणजे कुलूप नव्हे, मजकूर वाचता येतो. पुस्तकाच्या माहितीला चालेल, खरेदीदरासारखं काही त्यात नको. गुप्त की बदलली की जुनी बटणं मरतात, जँगो ४.१ पासून जुनी की फॉलबॅक म्हणून ठेवता येते. आणि याने कोटा वाचत नाही, त्याच शोधाला पुन्हा रिक्वेस्ट जाणारच. दिवसाला शंभर-दोनशे शोध असतील तर मी कॅशेच्या भानगडीत न पडता हेच घेईन.

---

अटीवाचक

वरचे तिन्ही प्रतिसाद तंत्राच्या बाजूने ठीक आहेत, पण 'किती वेळ ठेवायचे' हे तुम्ही आम्ही ठरवायचं नसतं. गूगलच्या एपीआयच्या सर्वसाधारण अटींत स्पष्ट आहे की मजकुराच्या कायमच्या प्रती करायच्या नाहीत, त्यातून डेटाबेस उभा करायचा नाही, आणि कॅशे हेडर (किती वेळ ठेवायचं ही उत्तरासोबत येणारी सूचना) जेवढी परवानगी देतो त्यापेक्षा जास्त वेळ प्रत ठेवायची नाही.

म्हणजे ९०० हा आकडा कोडमध्ये ठोकून बसवू नका. उत्तरासोबत आलेला कॅशे-कंट्रोल वाचा. मॅक्स-एज असेल तर ते आणि ९०० यातलं जे कमी ते घ्या. नो-स्टोअर असेल तर ठेवूच नका. प्रायव्हेट असेल तर त्याचा अर्थ एकासाठी आलेलं उत्तर दुसऱ्याला देऊ नये. मग खालची_ओळ यांनी काढून टाकलेला वापरकर्त्याचा आयडी कीमध्ये परत घालावा लागेल. शोधाच्या हॅशच्या जोडीला, जागी नव्हे. टर्मिनलवरून कर्लने एकदा हेडर काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी गोची कॅशेची नाहीच, 'नोंद करा' बटणाची आहे. ते जे करतं ती कायमची प्रत आहे. गूगल बुक्सचा उपयोग पुस्तक ओळखण्यापुरता करा आणि शीर्षक, लेखक, प्रकाशक हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ग्रंथपालाने टाकावं, किंवा स्रोत बदला. इंटरनेट आर्काइव्हच्या ओपन लायब्ररीचा शोध-एपीआय खुला आहे, संपूर्ण माहितीचे डंपही ते नियमित प्रसिद्ध करतात. वारंवार रिक्वेस्ट करणार असाल तर यूझर-एजंटमध्ये (रिक्वेस्ट कोण करतंय ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) ॲपचं नाव आणि संपर्क द्यावा असं ते सांगतात. मुखपृष्ठाची चित्रं आयएसबीएनने मागवलीत तर एका आयपीला ५ मिनिटांत १०० ची मर्यादा आहे. मराठी पुस्तकं त्यात किती सापडतात ते आधी तुमच्या कपाटातली पन्नास नावं टाकून बघा आणि मग ठरवा.

नकाशे वापरणाऱ्यांनी हे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. गूगल मॅप्सचे वेगळे आहेत: प्लेस आयडी हवा तितका काळ ठेवता येतो, अक्षांश-रेखांश ३० दिवस.

---

वाचनकट्टा

सगळ्यांचे आभार. डेटाबेस कॅशे लावला, बटणातून आयडी आणि शोधाची की पाठवतोय, मुदत हेडरवरून घेतोय, टाइमआउट दिले. दोन टॅब उघडूनही बरोबर पुस्तक नोंदलं जातंय. मुखपृष्ठावरून माहिती टाकायचं ग्रंथपालांना सांगितलंय, ओपन लायब्ररीही तपासतोय.

एक गोष्ट कळत नाही. कॅशे टेबलात एकाच शोधाच्या दोन-दोन ओळी दिसतात. लॉगमध्ये दोन्हीकडे 'सह्याद्रीतल्या दऱ्या' हेच शब्द, डोळ्यांना फरक शून्य, पण हॅश वेगळे. एक शोध ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, एक मोबाइलवरून.

---

खालची_ओळ

कीबोर्डचा फरक. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ (यू+०९३१), हलन्त, य. दुसऱ्यावर साधा र (यू+०९३०), हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक (यू+२००डी), य. दिसायला दोन्ही 'ऱ्य', बाइट निराळे, म्हणून हॅश निराळा. एनएफसी (युनिकोडचं एकसारखं प्रमाण रूप) करून हे जुळत नाही. एनएफसी फक्त 'र आणि खाली नुक्ता' याचा ऱ करतं.

यावर लोक 'सगळे अदृश्य वर्ण काढून टाका' हा उपाय करतात. तसं केलं की दुसऱ्या प्रकारातला जोडक जातो आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळेल. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त', आणि त्यानंतरच उरलेले यू+२००सी आणि यू+२००डी काढा.

तीच गोष्ट ॲची. 'ॲ' हा यू+०९७२ असा एक वर्ण म्हणून २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधीच्या सवयीने अ आणि वर ॅ असे दोन वर्ण टाइप करणारे अजून भरपूर आहेत. हेही एनएफसी जुळवत नाही, स्वतः बदलावं लागतं. शेवटी दोन्ही टोकांच्या आणि मधल्या जादा जागा काढा, रोमन अक्षरं लहान करा.

आयएसबीएनला वेगळी वाट काढा. पायथनच्या रेगेक्समधला आकड्यांचा वर्ग देवनागरी आकडेही मान्य करतो, त्यामुळे '९७८' देवनागरीत टाकलं तरी तुमची तपासणी पास होते आणि एपीआयकडे देवनागरी आकडे जातात. आधी रोमन आकड्यांत बदला, आडव्या रेघा काढा. १० अंकी असेल तर पुढे ९७८ लावून शेवटचा तपासणी अंक नव्याने काढा, म्हणजे १० आणि १३ अंकी रूपांची की एकच होईल. १० अंकी आयएसबीएनच्या शेवटी एक्स असू शकतो, तो आकडा नाही म्हणून फेकू नका.

आणि शुद्ध केलेलं रूप फक्त कीसाठी वापरून एपीआयला मूळ शब्द पाठवू नका. दोन रूपांना एपीआय वेगळे निकाल देत असेल, तर जो आधी शोधेल त्याची यादी मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या माथी बसेल. कीला जे रूप, तेच एपीआयला. टेस्टमध्ये 'दऱ्या' दोन्ही प्रकारे, 'दर्या' आणि 'ॲप' दोन्ही प्रकारे घाला: पाच इनपुट, तीनच की निघायला हव्यात.